गाडी सुरू व्हायला फार वेळ घेते: थंडीत पहाटे दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो

द्राक्षबाग | 6 जानेवारी, रात्री 9.15

मंडळी, मदत हवी आहे. मी निफाडजवळच्या एका गावात राहतो. गाडी 2012 ची डिझेल हॅचबॅक, चार सिलिंडर, कॉमन रेल, रीडिंग 1 लाख 46 हजार. मी दुसरा मालक. दिवाळीपर्यंत किल्ली फिरवली की लगेच चालू व्हायची. डिसेंबर लागला आणि त्रास सुरू झाला. आता पहाटे दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो, तोही तीन-चार वेळा. चालू झाली की मिनिटभर थरथरते, मग व्यवस्थित. दिवसभर पुन्हा बहुतेक वेळा ठीक.

मला पहाटे साडेपाचला निघावंच लागतं. आठवड्यातून तीन दिवस अण्णांना डायलिसिसला नाशिकला न्यायचं असतं. ठरलेली वेळ चुकली की मशीन दुसऱ्या पेशंटला जातं आणि मग दुपारपर्यंत बाकावर बसून राहावं लागतं. गेल्या मंगळवारी गाडी घेईचना. शेवटी शेजाऱ्यांना उठवून त्यांची पिकअप काढली. तोवर अण्णा कानटोपी घालून, शाल गुंडाळून ओट्यावर बसून होते. ते काही बोलत नाहीत, पण मला फार लागलं ते.

गावातल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली. बदलली. काडीचा फरक नाही. आता म्हणतो सेल्फ खोलू, नाहीतर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बघायला लागतील. इंजेक्टरचा आकडा ऐकून थांबलोय. कुणाला असा अनुभव आहे का?

गोदाकाठ | 6 जानेवारी, रात्री 9.50

आपल्याकडे थंडी जोरात आहे यंदा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा रोज पेपरात येतोय. डिझेल गोठत असेल का? आमच्याकडे एक जण रात्री बॉनेटवर घोंगडी टाकतो. आणि तो एक स्प्रे मिळतो, हवेच्या फिल्टरमध्ये मारायचा. तो मारला की गाडी लगेच पकडते म्हणतात.

पान्ना_पकड | 6 जानेवारी, रात्री 10.40

सांगली भागात बावीस वर्षं गॅरेज चालवतो. आधी गोदाकाठ यांना: तो स्प्रे या गाडीत अजिबात नको. त्यात ईथर असतं. हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना सिलिंडरला आतून उष्णता देणारे) लालभडक तापलेले असताना ईथर आत गेलं तर ते वेळेआधीच पेटतं. पिस्टनच्या रिंगा तुटलेल्या आणि पिस्टन चिरलेला मी स्वतः काढला आहे. कृपया कुणालाही हा उपाय सुचवू नका.

आता द्राक्षबाग भाऊ, कुठलाही पार्ट बदलायच्या आधी दोन गोष्टी करा. पैसे लागत नाहीत.

पहिली, कान द्या. "गाडी सुरू व्हायला वेळ घेते" हे एकच वाक्य घेऊन लोक गॅरेजला येतात, पण त्यात दोन वेगळे आजार असतात. एकात सेल्फच दमलेला फिरतो, घर्र... घर्र... घर्र असा, आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात. तो करंटचा आजार: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सेल्फ. दुसऱ्यात सेल्फ जोरात, एका तालात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. तिथे बॅटरी बदलून काय होणार? तिथे डिझेल, हवा, उष्णता किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर पडणारा दाब) यांपैकी काहीतरी कमी पडतंय.

दुसरी, धूर बघा. पहाटे घरातल्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरजवळ टॉर्च घेऊन उभे राहा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये. धूर अजिबात नसेल तर डिझेल आत पोचतच नाहीये. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आणि एक विनंती. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मधे अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर आहे तो सेल्फही जळेल.

बर्फातला_कोल्हापूरकर | 7 जानेवारी, सकाळी 6.20

कॅलगरीहून लिहितोय. डिझेल गोठण्याबद्दल: निफाडच्या पाच-सहा अंशांत ती शंका सगळ्यात शेवटी घ्या. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो हे खरं, पण तो प्रश्न लडाखचा. 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं ते त्यासाठीच. माझ्याकडे पेट्रोल गाडी आहे आणि उणे तीसमध्ये ती रात्रभर भिंतीतल्या प्लगला जोडून ठेवतो. ब्लॉक हीटर कूलंट गरम ठेवतो. तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही.

इंजिन ऑइल मात्र तपासा. मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू-30 असताना कुणी स्वस्तात जाड ऑइल भरलं असेल तर थंडीत सेल्फला ते ढवळणं जड जातं. घोंगडी टाकून काही साधत नाही. इंजिनात रात्रभर उष्णता उरतच नाही, तर घोंगडी काय धरून ठेवणार. शिवाय ती काढायची राहिली आणि फॅनमध्ये गेली तर नवीन संकट.

द्राक्षबाग | 7 जानेवारी, सकाळी 10.05

पान्ना_पकड काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. मुलीने सेल्फ मारला, मी मागे उभा राहिलो. सेल्फ एकदम दमदार फिरतोय, दिवे मंद होत नाहीत. आणि धूर? पांढरा लोट! अंगणभर डिझेलचा वास. सहाव्या सेकंदाला एक सिलिंडर पकडल्यासारखा ठोका आला, मग दुसरा, मग लंगडत चालू झाली. इतके दिवस मी आत बसून किल्ली फिरवत होतो, मागे काय चाललंय ते बघितलंच नव्हतं.

ऑइल बिलावर 5डब्ल्यू-30 च लिहिलंय. मुलाच्या मल्टीमीटरने व्होल्टेजही बघितलं. रात्रभर उभ्या गाडीचं 12.6, सेल्फ मारताना 10.6, चालू झाल्यावर 14.2.

पान्ना_पकड | 7 जानेवारी, दुपारी 1.30

आकडे उत्तम आहेत. उभ्या गाडीला 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेलं असतं तर काळजी होती. चालू गाडीत 13.8 ते 14.5 च्या दरम्यान, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटरही ठीक. सेल्फ खोलू देऊ नका. जुनी बॅटरी गॅरेजवाल्याकडेच राहिली असेल तर परत मागून घ्या, ती बहुतेक चांगलीच असेल.

पांढरा धूर आणि लंगडत पकडणं, म्हणजे आत पुरेशी उष्णता नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो. हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. पहाटे ब्लॉक गार असतो, दाबलेल्या हवेची उष्णता भिंतीच खाऊन टाकतात. त्या वेळी हात द्यायला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक हीटर प्लग असतो, जो काही सेकंदांत आठशे-नऊशे अंशांवर जातो. ऑक्टोबरमध्ये ते मेलेले असले तरी कळत नाही, कारण हवा मुळातच उबदार असते. डिसेंबर लागला की उघडे पडतात.

तपासायची रीत: इंजिन बंद, किल्ली काढलेली. हीटर प्लगच्या डोक्यावरची वायर किंवा पट्टी सोडवा. मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. मेलेला प्लग काहीच दाखवत नाही. चारही चांगले निघाले तर मग किल्ली ऑन केल्यावर त्या वायरीत 12 व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर रिले किंवा फ्यूज.

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो. प्लग स्वतः काढायला जाऊ नका. दहा-बारा वर्षांचा प्लग हेडमध्ये कार्बनने धरलेला असतो. इंजिन गरम करून, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून, हळूहळू मागेपुढे करत काढावा लागतो. जोर लावला की तुटतो, आणि तुटलेलं टोक काढायला हेड उतरवायची पाळी येते.

समुद्रकाठ | 7 जानेवारी, दुपारी 3.10

यांचा सेल्फ चांगला फिरतोय, त्यामुळे माझा अनुभव त्यांच्या उपयोगाचा नाही. पण हा धागा पुढे कुणी शोधत आला आणि त्याचा सेल्फ हळू फिरत असेल तर कामाला येईल म्हणून लिहितो.

मी मालवणचा. आमच्याकडे खारी हवा, धातू टिकत नाही. माझी पेट्रोल गाडी दोन वर्षांपूर्वी घर्र... घर्र करू लागली. बॅटरी नवी घातली, महिनाभर बरी, पुन्हा तेच. सेल्फची कार्बन ब्रश बदलली, तरी तेच. शेवटी कुडाळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर 10.9 आणि सेल्फवर जेमतेम 8.6. मधले दोनेक व्होल्ट वाटेतच जात होते. मग त्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर ठेवलं आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, माझं 1.7 आलं. गुन्हेगार सापडला: इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वेणी. वरून अख्खी दिसत होती. बोल्ट काढला तर खालचं टोक हिरव्या पिठासारखं हातात आलं, तांब्याच्या चार तारा शिल्लक.

वेणी नवी, बॉडीचा रंग खरवडून उघडा धातू, घट्ट बोल्ट, वर ग्रीस. त्या दिवसापासून आजवर त्रास नाही. बॅटरी आणि ब्रशचे पैसे गेले ते गेले. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर ती वेणी सोडवून बघावी.

सीएनजीवाली | 7 जानेवारी, संध्याकाळी 7.45

मधे घुसते, राग मानू नका. पुण्यात आहे, गाडी पेट्रोल-सीएनजी, पाच वर्षांची. सकाळी माझीही वेळ घेते. सेल्फ जोरात फिरतो, धूर वगैरे नाही. दिवसा मस्त चालते. गॅसवर चालवते म्हणून असेल का?

पान्ना_पकड | 7 जानेवारी, रात्री 9.20

ताई, बरं झालं विचारलंत. तुमची गाडी सीएनजीवर चालत असली तरी गार असताना सुरू होते ती पेट्रोलवर, आणि थोडी तापली की गॅसवर जाते. आता सांगा, टाकीत पेट्रोल किती असतं आणि शेवटचं कधी भरलं?

उद्या एक गोष्ट करा. सकाळी किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखाली दोन सेकंद "झुंऽ" असा पंपाचा आवाज येईल. किल्ली बंद. पुन्हा ऑन. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर रात्रीत पेट्रोलच्या लाइनचं प्रेशर उतरतंय. पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह गळत असेल किंवा एखादा इंजेक्टर ठिबकत असेल.

सीएनजीवाली | 8 जानेवारी, सकाळी 8.55

तीनदा किल्ली ऑन-ऑफ केली, लगेच चालू झाली!! पेट्रोल... दिवाळीआधी दोनशेचं टाकलं होतं. काटा कायम लाल रेषेवर असतो, पेट्रोल लागतच नाही म्हणून मी भरतच नाही.

पान्ना_पकड | 8 जानेवारी, सकाळी 9.30

तेच कारण, ताई. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली की तो तापतो आणि लवकर झिजतो. शिवाय तेच तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून खराब होतं आणि इंजेक्टरच्या तोंडाशी चिकटा धरतो. टाकी किमान पाव भरून ठेवा, आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवरच चालवा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर फ्यूएल प्रेशर गेज लावून घ्या. इंजिन बंद केल्यावर काटा किती वेगाने खाली येतो ते स्वतः उभं राहून बघा.

द्राक्षबाग | 9 जानेवारी, रात्री 8.30

काका, हीटर प्लग तपासले. पहिला 0.9, दुसरा काहीच नाही, तिसरा 1.1, चौथा काहीच नाही. दोन मेलेले! नाशिकच्या एका जाणत्या फिटरकडे परवा गाडी ठेवली. त्याने तुम्ही म्हणालात तसंच केलं, रात्री तेल सोडलं आणि सकाळी गरम इंजिनात काढले. चौथा काढायला त्याला अर्धा तास लागला. थोडासा फिरवायचा, पुन्हा मागे, पुन्हा तेल. मी श्वास धरून उभा होतो. निघाला अख्खा. टोक काळंठिक्कर, फुगलेलं. चारही नवे घातले.

आज पहाटे तिसऱ्या सेकंदाला चालू. धूर जवळजवळ नाही.

पण एक गोष्ट राहिली आहे. आज दुपारी बँकेसमोर चार तास गाडी उभी होती, उन्हात. परत आलो तर सात-आठ सेकंद सेल्फ. आणि आता मी मुद्दाम मागे जाऊन बघितलं, धूर मुळीच नाही. पूर्वीही असं अधूनमधून व्हायचं, पण पहाटेच्या त्रासापुढे लक्ष गेलं नव्हतं.

पान्ना_पकड | 9 जानेवारी, रात्री 10.10

छान निरीक्षण. हा दुसरा आजार आहे. दुपारी, उन्हात, धूर नाही, म्हणजे हीटरचा संबंध नाही आणि डिझेल आत पोचत नाहीये. कॉमन रेलमध्ये सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल जातं, ती नळी म्हणजे रेल. त्या रेलचं प्रेशर साधारण दोनशे बारच्या वर गेल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडू देत नाही. लाइनमध्ये हवा असेल तर पंप आधी ती हवा ढकलत बसतो आणि आपण सेल्फ मारत बसतो.

बँकेसमोर गाडीचं तोंड चढाला होतं का? आणि डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला?

द्राक्षबाग | 9 जानेवारी, रात्री 10.25

हो! तिथे चढ आहे, नाक वर करूनच लावावी लागते. घरी अंगण सपाट. फिल्टर नोव्हेंबरमध्ये सर्व्हिसिंगला बदलला.

पान्ना_पकड | 9 जानेवारी, रात्री 10.50

मग फिल्टरपासूनच सुरुवात करा. नाक वर असलं की डिझेल टाकीकडे ओघळतं, पण आत हवा शिरायला जागा असल्याशिवाय ते ओघळू शकत नाही. स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबलं की आतलं पाणी खाली पडत नाही, तसंच. कुठेतरी ते बोट सुटलंय. नोव्हेंबरमध्ये फिल्टर उघडला होता, तेव्हा त्याची ओ-रिंग (झाकणाखालची रबरी कडी) किंवा पाइपची क्लिप आधी बघायची.

फिल्टरजवळ रबरी फुगा आहे ना, हातपंप? उद्या गाडी चढाला चार तास लावा. सेल्फ मारायच्या आधी तो फुगा घट्ट होईपर्यंत दाबा. मग गाडी लगेच चालू झाली तर निदान पक्कं. त्यानंतर फिटरकडून फिल्टर आणि पंप यांच्या मधे वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता बसवून घ्या. गाडी चालू करून बघा, बुडबुडे दिसले तर हवा पंपाच्या अलीकडे शिरतेय. हे फक्त कमी दाबाच्या बाजूला. पंपाच्या पलीकडच्या धातूच्या पाइपांना चालू इंजिनात पान्नाही लावायचा नाही. तिथे हजार बारच्या वर दाब असतो, बारीक फवाराही कातडी फोडून आत जातो.

द्राक्षबाग | 12 जानेवारी, संध्याकाळी 6.40

सापडलं!

शनिवारी चढाला लावली. फुगा हाताला मऊ लागला, अगदी रिकाम्या पिशवीसारखा. सतरा-अठरा वेळा दाबल्यावर कडक झाला. सेल्फ मारला, दुसऱ्या सेकंदाला चालू.

आज फिटरने पारदर्शक पाइप बसवला. इंजिन चालू केल्यावर पिवळसर डिझेलमधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पळताना दिसले. फिटरने फिल्टरचं झाकण उघडून ओ-रिंग काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एका जागी चिमटलेली, नखाएवढा भाग चपटा. बसवताना ती खाचेत नीट बसली नव्हती, वरून झाकण आवळलं. बाहेर डिझेलचा थेंबही नव्हता, कारण तिथून डिझेल गळत नव्हतं, हवा आत ओढली जात होती. नवी ओ-रिंग डिझेलचं बोट लावून बसवली. पुन्हा पाइप बघितला: एकही बुडबुडा नाही. मग तो पाइप काढून मूळचा जोडला, चार तास चढाला उभी केली. अर्ध्या सेकंदात चालू.

सगळा खर्च म्हणजे चार हीटर प्लग, एक ओ-रिंग आणि फिटरची मजुरी. इंजेक्टरला हात लावला नाही. काका, तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, पण उद्या मंगळवार आहे आणि आज रात्री मी उशाशी चिंता घेऊन झोपणार नाही. फेब्रुवारीत बागेतला माल निघाला की पत्ता द्या, पेटी पाठवतो.

पान्ना_पकड | 12 जानेवारी, रात्री 9.05

माल बाजारात जाऊ द्या आधी. अण्णांना नमस्कार सांगा. फिल्टर उघडलाच होता तर खालच्या बोल्टातून पाणी निघालं का ते फिटरला विचारा. निघालं असेल तर महिन्याभराने पुन्हा सोडून बघा आणि ज्या पंपावर जाऊन डिझेल भरता तो बदला.

सीएनजीवाली | 13 जानेवारी, सकाळी 9.10

मी हजाराचं पेट्रोल भरलं, तीन दिवस पेट्रोलवरच ऑफिसला गेले. आज किल्ली एकदाच फिरवली, दोन सेकंद घेतले. अजून पूर्वीसारखी नाही, पण आधीपेक्षा बरी. पंधरा दिवसांनी सांगते.

द्राक्षबाग | 13 जानेवारी, दुपारी 2.20

ओट्यावरच्या थर्मामीटरवर पहाटे 7 होतं. गाडी लगेच चालू झाली, सहा पंचविसाला आम्ही दवाखान्यात होतो. काका, फिटरला विचारलं, फिल्टरमधून अर्धी वाटी पाणी निघालं म्हणाला.

पान्ना_पकड | 13 जानेवारी, दुपारी 2.45

अर्धी वाटी म्हणजे जास्त आहे. महिनाभर थांबू नका, येत्या रविवारीच पुन्हा सोडा आणि काचेच्या बाटलीत धरून फोटो टाका.